बहिणीचं काय लिहायचं

कर्जबाजारी माणूस ओळखायचा असेल तर त्याचा फोन वाजेपर्यंत थांबावं. फोन वाजला की तो स्क्रीनकडे बघतो, चेहरा मख्ख ठेवतो आणि फोन उलटा करून ठेवतो. मी दोन वर्षं हेच केलं. कंपनीच्या बसमध्ये केलं, जेवणाच्या सुट्टीत केलं, एकदा तर शेजाऱ्याच्या मयतीतही केलं. बाजूचा विचारायचा, "काहून उचलून नाही राहिला गा?" मी म्हणायचो, "कंपनीवाले आहेत बे, फालतू ऑफर देऊन राहिले." एका अर्थी ऑफरच होती ती. आज भरा, नाहीतर उद्या माणूस घरी येईल.

मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. घर विणकरांचं. बाप आयुष्यभर हातमागावर बसला, मी मशिनींच्या रांगेत उभा राहतो, कापड काही सुटलं नाही. तांडापेठेत भाड्याच्या दोन खोल्या, बायको आणि मी. मूलबाळ नाही. दोघांचा खर्च तो किती असणार, असं कोणीही म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. पण नागपुरात प्रत्येकाचा एक प्लॉट असतो, निदान बोलण्यात तरी असतो. लग्नाच्या पंगतीत बसलं की डाव्या हाताचा माणूस विचारतो, "तुमचा कुठी?" तेव्हा "आमचा नाही" म्हणणं मला जड जाऊ लागलं. मग मी उमरेड रोडवर एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला. चुना मारलेले दगड, मध्ये दोरी, समोर बोर्डावर नारळाची झाडं आणि पोहण्याचा तलाव. लेआउट मंजूर नाही म्हणून घरासाठीचं कर्ज द्यायला एकही बँक तयार होईना. बँकेला जे कळलं ते मला कळत नव्हतं असं नाही, मला कळून घ्यायचं नव्हतं. मी पर्सनल लोन काढलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ओव्हरटाइम बंद झाला, आणि मंजुरी नसलेला तो प्लॉट कोणी विकत घेईना. हप्ता भरायला क्रेडिट कार्ड घेतलं, ते कार्ड भरायला दुसरं कार्ड, आणि दुसरं भरायला मोबाइलवरचं ते दहा मिनिटांत मिळणारं कर्ज, तेही दोन ठिकाणांहून. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं माझी आई म्हणायची. माझ्याकडे अशी पाच पोती झाली. पगार सत्तावीस हजार आणि हप्ते बत्तीस हजार. बायकोचं होतं नव्हतं ते सोनं आधीच विकून झालं होतं. तिने एका शब्दाने विचारलं नाही, कारण त्या काळात मला काही विचारायची सोय नव्हती. मी मुळातच तापट. त्यात माणूस चुकलेला असला की आणखी तापतो.

मग मी बाईकडे गेलो. आमच्या घरात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पाचवीतून तिची शाळा सुटली आणि ती बापाच्या मागासाठी कांड्यांवर सूत भरायला बसली. धाकटा शिकावा म्हणून मोठीने बसायचं, असंच होतं तेव्हा. माझ्या आयटीआयच्या फीमध्ये तिच्या कांड्या होत्या. पुढे तिला कन्हानला दिली. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, कोळशाच्या खाणीत होते, दम्याने लवकर गेले. बाईला थोडं पेन्शन मिळायचं आणि ती शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिला एकच मुलगी. ही भाची कॉलेजसाठी दोन वर्षं आमच्याकडे राहिली होती, आणि आम्हा नवराबायकोला मूल असण्याचं जे काही सुख मिळालं ते त्या दोन वर्षांत मिळालं.

बाईजवळ दोन पाटल्या आणि एक गोफ होता. साडेचार तोळे. जावई गेल्यावर जे पैसे आले त्यातून तिने तेवढंच केलं होतं, पोरीच्या लग्नासाठी. त्यातला एक मणीही तिने स्वतःच्या अंगावर घातला नाही.

मी काही मागितलं नाही. मी नुसता जाऊन बसलो, वरण-भात खाल्ला आणि तीन वेळा फोन उलटा ठेवला. एवढ्यावरून तिला कळलं. न मागता जिथे मिळेल अशी ती माझी एकच जागा होती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. मी तिला फसवलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही.

"किती पाह्यजे?" तिने विचारलं.

"नाही वं बाई, मी तं सहज आलो."

"पोट्टीचं सोनं आहे. तीन महिन्यात सोडवशीन?"

"दोन महिन्यात," मी म्हणालो.

तिने तीन म्हटले होते. मी स्वतःहून दोन केले.

माझं नाव सगळीकडे खराब झालेलं, म्हणून सोनं तिच्याच नावाने गहाण ठेवलं, कामठीच्या एका दुकानात. काचेच्या खोलीत ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. काउंटरवरच्या मुलीने गोफ दगडावर घासला, पाटल्या तोलल्या आणि पैसे कशासाठी हवेत म्हणून विचारलं. बाई म्हणाली, "घरकामाले." सहा ठिकाणी सह्या करायला तिला बराच वेळ लागला. एक लाख साठ हजार मिळाले. ते दोन दिवसांत त्या पाच पोत्यांत गेले आणि कुठे गेले ते दिसलंही नाही. व्याजाचे पैसे मी तिला चार महिने नेमाने नेऊन दिले.

पाचव्या महिन्यात कारखान्यातल्या एकाने सांगितलं की सीताबर्डीला एका गल्लीत कर्जात बुडालेल्यांना सल्ला देणारं केंद्र आहे, पैसे घेत नाहीत. फुकट म्हटल्यावर माझा विश्वास बसेना. पण बायको हट्टाला पेटली आणि आम्ही दोघं गेलो. वरच्या मजल्यावर एक खोली होती, दोन टेबलं, आणि एका टेबलामागे बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम. कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. मला वाटलं आता प्रवचन ऐकावं लागणार. त्यांनी माझ्यासमोर एक कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"कोणाकोणाचं देणं आहे ते लिहा. तुमच्याच हाताने लिहा. पानठेल्यापासून सुरुवात करा."

मी लिहिलं. पर्सनल लोन, दोन कार्डं, मोबाइलवरची दोन कर्जं. पानठेल्याचे तीनशे चाळीस. मॅडमनी विचारलं, तंबाखूचा खर्रा किती? मी म्हटलं दिवसाला दोन. बायको म्हणाली चार. मॅडमनी चार लिहिले.

मग त्यांनी विचारलं, "मित्र? नातेवाईक? सोनं कुठे गहाण आहे का?"

बायकोने तोंड उघडलं. मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

हे का केलं ते आता सांगायला हवं. आमच्यात बहिणीला द्यायचं असतं. तिने ओवाळायचं आणि भावाने ताटात टाकायचं. माझा बाप आत्याच्या घरी गेला तर तिच्या पोरांच्या हातावर काही ठेवल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे, आणि पैसे नसले तर जातच नसे. बहिणीकडून घेतलं हे बोलायची गोष्ट नव्हती. मग ते एका परक्या बाईसमोर, बँकेच्या आणि पानठेल्याच्या खाली, स्वतःच्या अक्षरात लिहायचं? माझा हात गेला नाही. बहिणीचा मान राखला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

जिना उतरल्यावर बायको म्हणाली, "बाईचं काहून नाही सांगतलं तुमी?"

"बहिणीचं काय लिहायचं? सावकार आहे का ती?" मी भर रस्त्यात ओरडलो. दोन माणसं वळून पाहू लागली. आम्ही बसस्टॉपपर्यंत एकामागे एक चालत गेलो.

मॅडमनी मात्र जे म्हटलं ते करून दाखवलं. बँकांना पत्रं लिहिली, फोन केले. दंडाचं व्याज काढून घ्यायला लावलं, कार्डांच्या रकमेचे हप्ते पाडून घेतले. एका बँकेला तीन पत्रं गेली तेव्हा कुठे ती वळली. मोबाइलवाले बायकोच्या नंबरवर घाण बोलायचे, त्यांची तक्रार त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली आणि ते फोन थांबले. शेवटी सगळं मिळून महिन्याला साडेचौदा हजार ठरले. चार वर्षं. माझी दोन्ही कार्डं मीच कात्रीने कापली. त्यांनी एक नियम घालून दिला. चार वर्षं यादीबाहेरून एक रुपया घ्यायचा नाही आणि यादीबाहेर एक रुपया द्यायचा नाही. दर महिन्याला पावत्या घेऊन यायचं. "काही बदललं, काही राहून गेलं असेल, तर मला सांगायचं. लपवायचं नाही," असंही त्या म्हणाल्या होत्या.

मी बाईला फोन केला. "बाई, मॅडमनं नियम घातला आहे. यादीबाहेर देता येत नाही. व्याजाचं थोडं थांबशीन का?"

"बरं झालं ना गा बाबू, तुयं मार्गी लागलं," ती म्हणाली. "मायं मी पाहीन."

मला किती हलकं वाटलं! नियम मॅडमचा होता, यादी माझी होती, आणि मध्ये माझी बहीण बसत नव्हती याला जणू कोणाचाच इलाज नव्हता.

ती वर्षं वाईट गेली असं म्हणता येत नाही. खर्रा सुटला. पाच तारखेला पगार, सात तारखेला हप्ते, दहाच्या आत सीताबर्डी. मॅडम प्रत्येक पावतीवर बारीक टिक करायच्या आणि मला चौथीतल्या हुशार पोरासारखं वाटायचं. एक दिवस फोन वाजला आणि मी विचार न करता उचलला. गॅस सिलिंडरवाला होता. मी त्याच्याशी इतकं गोड बोललो की तो गोंधळला. वजन वाढलं. झोप यायला लागली. मी कारखान्यात लोकांना उपदेश करू लागलो, अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे. ज्याने काल अंथरूणच विकलं होतं तो हे सांगत होता, पण ऐकणारे ऐकत होते.

भाऊबीजेला आम्ही कन्हानला जायचो. मॅडमनी सणाला दोनशेच्या वर खर्च नको म्हटलं होतं, पण मी ताटात पाचशे एक टाकायचो. तेवढा नियम मी मोडायचो आणि मोडताना छाती फुगायची. बाई नोट कपाळाला लावायची. सोन्याचा विषय ती काढायची नाही, म्हणून मीही काढला नाही. बायकोने दोनदा म्हटलं, "एकदा विचारून तं पाहा." दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. आमची मूठ बाईने झाकून धरली होती आणि आत काय आहे ते मला पाहायचं नव्हतं.

यादी संपायला अकरा महिने उरले होते तेव्हा भाचीचं लग्न जमलं. मुलगा चांगला होता, कामठीत औषधाचं दुकान. मी पेढे घेऊन कन्हानला गेलो. बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. भाची आता कामठीच्या एका लॅबमध्ये कामाला होती, तिची सुट्टी होती, ती दारात बसून कपड्यांच्या घड्या करत होती. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "सोन्याची फिकीर नको करू बाई. मॅडमशी बोलतो, काहीतरी रस्ता काढतो. थे दुकानाची पावती दे, पाहू दे किती झालं."

बाईने भाकरी तव्यावर टाकली. भाचीने हातातला टॉवेल खाली ठेवला, आत गेली आणि खाटेखालून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात रजिस्टरने आलेली तीन पत्रं होती.

"मामा, थे सोनं नाही आहे आता," ती म्हणाली. "लिलाव झाला. मागच्या दिवाळीच्या आधी."

मी पत्रं वाचली. पहिलं व्याज थकल्याचं. दुसरं मुदतीचं. तिसऱ्यात लिलावाची तारीख होती, आणि कर्ज वळतं करून उरलेले थोडे पैसे खात्यात जमा केल्याचं लिहिलं होतं. म्हणजे मागच्या भाऊबीजेला मी पाटावर ऐटीत बसलो होतो तेव्हा पाटल्या आणि गोफ गेलेला होता. तिने मला ओवाळलं होतं. करंज्या दिल्या होत्या, वर डब्यात भरूनही दिल्या होत्या.

आणि मी काय केलं? मी ओरडलो. तिच्यावर. "मले काहून नाही सांगतलं? मी काय मेलो होतो का?" हे वाक्य मला अजून ऐकू येतं आणि ज्याने ते म्हटलं त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईने तवा उतरवला. "कसं सांगू गा? तुयी बायको म्हणे, आता झोप लागते त्याले, खाणं अंगी लागते. मले वाटलं कायले छेडायचं. पहिल्या वर्षीचं व्याज मी भरलं ना. पेन्शनचे होते, खिचडीचे होते, तू ताटात टाकले थेही भरले. मंग नाही जमलं."

भाचीने मला विचारलं, "मामा, तुमच्या त्या यादीत आईचं नाव काहून नव्हतं?"

तिला यादीचं माहीत होतं. कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मी म्हणालो, "बेटा, घरच्या माणसाचं लिहीत नसतात."

"म्हणजे परक्याचं पहिले द्यायचं."

बाई तिला म्हणाली, "चूप वं. मामा आहे तुया." मग मला म्हणाली की काळजी करू नको, गटात नाव टाकलं आहे. गट म्हणजे गल्लीतल्या आठ बायका मिळून कर्ज घेतात, एकमेकींना जामीन राहतात, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकी सातजणी तिच्या दारात येऊन बसतात. त्यातून ती पोरीसाठी एक बारीक पोत करणार होती. पोरगी सासरी बोडक्या गळ्याने कशी धाडायची? मी कर्जातून वर येत होतो आणि माझी बहीण साठीला आल्यावर पहिल्यांदा कर्जात उतरत होती.

दुसऱ्याच दिवशी मी अर्धी रजा टाकून मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. टेबलाखाली ठेवलेल्या पायाचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"गहाण सोनं असेल तर मी तेच सगळ्यात आधी घेते. आधी सोनं सोडवायचं, मग बाकीचे. कार्डवाले थांबले असते. त्यांना थांबवायलाच तर मी इथे बसते. सोनं थांबत नाही हो."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचा नियम होता, यादीबाहेर द्यायचं नाही."

"यादी तुमची होती," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मीही रागावलो असतो आणि बरं वाटलं असतं. त्यांनी माझी फाइल काढली, तोच पहिला कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. पानठेल्याच्या खाली मी लिहिलं: मोठी बहीण, साडेचार तोळे. रुपये लिहू लागलो तर त्यांनी थांबवलं. "तिचे रुपये नाही गेले, तोळे गेले. तेवढेच परत करायचे." साडेतीन वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला होता. हप्त्यांत आता काही हलवता येत नव्हतं, अकरा महिने मोडले तर सगळंच मोडलं असतं. "पहिली यायला हवी होती ती," त्या म्हणाल्या, "आता शेवटी येईल." मी जिन्यात बसून रडलो. वर येणाऱ्या एका माणसाने पाणी देऊ का विचारलं. तोही माझ्यासारखाच असणार, हातात पावत्यांची पिशवी होती.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, कन्हानच्या एका छोट्या हॉलमध्ये. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो. मूल नसलेल्या माणसाला असा मान एकदाच मिळायचा असतो. बायकोने मला नवा कुर्ता शिवला होता. टोपीही आणली होती. मी नवरीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. भाची तयार होऊन बसली होती, गळ्यात ती गटाच्या कर्जातली बारीक पोत होती. ती उठली आणि माझ्याजवळ आली.

"मामा, रागावू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "मले आईच आणीन."

बाई मागून म्हणाली, "असं नको करू वं. लोकं काय म्हणतीन?"

"सांग ना, मामाची तब्येत बरी नाही."

बाई माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटत होतं मी काहीतरी म्हणेन, भांडेन, नेहमीसारखा ओरडेन. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो. लोक येऊन विचारू लागले, काय झालं? मी म्हणत होतो, "बीपी." एकाने मला लिंबूपाणी आणून दिलं. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या पिशवीत ठेवली.

भटजींनी हाक मारली, "मुलीचे मामा!" आणि बाई पोरीचा हात धरून आली. जावई गेल्यापासून ती कोणाच्याही हळदीला पुढे झाली नव्हती, नेहमी भिंतीशी उभी राहायची. हॉलमध्ये कुजबुज झाली. ती खाली मान घालून, पण सरळ चालत आली. तिचा मला अभिमान वाटला आणि मी तिथे नव्हतो याचं इतकं दुःख झालं की हातातल्या अक्षता टाकायच्या राहून गेल्या.

यादी उन्हाळ्यात संपली. बँकांची पत्रं आली, काही देणं नाही म्हणून. मॅडमनी उभं राहून हात जोडले आणि म्हणाल्या, "शंभरातले किती जण शेवटपर्यंत येतात ते मला विचारा." मी त्यांच्या पाया पडलो. माझ्याबाबतीत त्यांची काहीच चूक नव्हती, हे मी इथे लिहून ठेवतो.

पुढच्या पगाराला मी साडेचौदा हजार पाकिटात घातले आणि कन्हानला निघालो. बसमध्ये सगळं ठरवून झालं होतं. ती म्हणणार, राहू दे गा. मी म्हणणार, नाही वं बाई, घेच. ती पाकीट परत माझ्या खिशात कोंबणार, मी ते काढून देवासमोर ठेवणार, मग तिच्या डोळ्यांत पाणी येणार आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवणार. पूल ओलांडेपर्यंत माझेच डोळे भरून आले होते.

ती एकटीच होती. मी पाकीट पुढे केलं. "बाई, हे तुये. आता दर महिन्याले आणीन, पूर्ण होईपर्यंत."

तिने पाकीट घेतलं. उघडलं. खाटेवर बसून नोटा मोजल्या, अंगठ्याला थुंकी लावून, एकदा आणि मग पुन्हा एकदा. एक पाचशेची नोट कोपऱ्यात फाटलेली होती, ती तिने बाजूला काढून मला परत दिली.

"हे बदलून आणजो. थे घेत नाहीत."

"बरं," मी म्हणालो.

तिने बाकीच्या नोटा डब्यात ठेवल्या आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात किती तारखेले येशीन?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"सात तारखेले," मी म्हणालो.

"सहाच्या आत आण. सहाले सकाळपासून गटाच्या बायका दारात येऊन बसतात."

मी हो म्हणालो. तिने चहाचं भांडं अजून चढवलं नव्हतं. तिने थांब म्हटलं नाही, आणि मी चपला घालून निघालो.